शनिवारच्या बैलाची गोष्ट

ठाणे

प्रिय विनय,

सप्रेम शालोम.

मुलांसाठी लिहीत असलेल्या गोष्टींच्या पुस्तकाला मला तुझ्याकडून चित्रं हवी आहेत. परवा फोनवर विषय काढला तेव्हा तू शाळेच्या गडबडीत होतास, आणि दोन वाक्यांत सांगून होण्यासारखं हे कामही नाही. म्हणून सविस्तर लिहितो. दिवाळीच्या सुट्टीत निवांत वाच आणि मग काय ते कळव.

रात्री जेवणं झाली की मी मुलांना आमच्या यहुदी धर्मातल्या गोष्टी सांगतो, हे तुला ठाऊक आहे. ठाण्यात आमचं सिनगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे, शार हशामाईम, 1879 सालचं. सणावाराला मुलं तिथे जातात, हिब्रू अक्षरं शिकतात. पण शिकवण्याचं खरं काम घराचं. शमाची, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी, प्रार्थना तू आमच्या घरी कितीदा ऐकली आहेस. कोकणात आमच्या बेने इस्रायल लोकांची बाकी हिब्रू विसरली गेली, पण शमा विसरली नाही. त्याच प्रार्थनेत पुढे सांगितलंय की हे शब्द आपल्या मुलांना शिकव. घरात बसलास की बोल, वाटेने चालताना बोल, निजताना आणि उठताना बोल. आज्ञा आईबापांना आहे. ती दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही, आणि मला ती ढकलायचीही नाही.

आमच्या नातेवाइकांकडून अमेरिकेतली, इस्रायलमधली पुस्तकं येतात. छपाई देखणी असते, मुलांना आवडतातही. पण हनुक्काच्या, आमच्या दिव्यांच्या सणाच्या, गोष्टीत खिडकीबाहेर बर्फ पडत असतं, आजोबांच्या डोक्यावर काळी हॅट असते आणि आजी बटाट्याचे लाटके तळत असते. ते सगळं खरं आहे, त्या लोकांचं आहे. मात्र धाकटा ती पुस्तकं पाहून विचारतो की यहुदी म्हणजे हे लोक, मग आपली आजी कोण? आजी तर नऊवारी नेसायची, चिकाचा हलवा करायची आणि दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे शमा लिहिलेल्या गुंडाळीच्या डबीला, हात लावून तो ओठांना लावायची. तिच्यासारखी आजी ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक माझ्या मुलांना मिळालं पाहिजे. म्हणून मी लिहायला बसलो. नवगाव, रेवदंडा, पेण आणि आपलं अलिबाग यांच्यातल्या गोष्टी, मराठीत.

हे काही मी पहिल्यांदा करत नाही. पुण्यात 1874 साली पेसाहच्या सणाला घरी वाचायची पोथी, म्हणजे हागादा, छापली गेली, हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी. तिच्यात चित्रं आहेत. साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिरी भाकरी करताहेत असं चित्र त्यात आहे. दीडशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, सुटकेची गोष्ट वाचताना आपल्या मुलांना आपल्याच बायका दिसल्या पाहिजेत. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1880 च्या सुमारास, मुंबईतल्या आमच्या शिकलेल्या मंडळींनी कीर्तनं सुरू केली. आब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, आणि मधूनमधून साकी, दिंडी, ओवी. कीर्तनाचं हे तंत्र मला फार उपयोगी पडलं. थोडं सांगायचं, थोडं गायचं, आणि पालुपद मुलांच्या तोंडी ठेवायचं. अक्षरओळख नसलेलं मूलही मग गोष्टीत पुरतं सामील होतं.

आता मुख्य गोष्ट. ही बैलाची आहे, आणि सगळ्यात जास्त चित्रं हिलाच लागतील.

नवगावची कथा तुला पाठ आहे. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली. पुढे आमचे लोक गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावांनी त्यांना शनवार तेली म्हटलं. सोमवारी घाणा न चालवणारे तेलीही होते, ते सोमवार तेली. आजवर हे सगळं आम्ही माणसांच्या बाजूनेच सांगत आलो. पण दहा आज्ञांमध्ये शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विसाव्याची, आज्ञा नीट वाचलीस तर तिथे जनावरांचाही उल्लेख आहे. तोराहच्या पाचव्या पुस्तकात, ज्याला मराठीत ‘अनुवाद’ म्हणतात, तर बैल आणि गाढव नाव घेऊन सांगितलेत: त्या दिवशी तूही काम करायचं नाहीस आणि तुझ्या बैलानेही नाही. हे वाचलं आणि मला गोष्ट सापडली.

एका गावात दोन घाणे, मध्ये निवडुंगाचं कुंपण. अलीकडे शनवार तेल्याचा बैल, पलीकडे सोमवार तेल्याचा. दोघांच्या डोळ्यांवर झापडं, दोघं दिवसभर गोल फिरतात. रात्री गोठ्यांतून एकमेकांशी बोलतात. शनवारच्याला सुट्टी असते तेव्हा सोमवारचा घाण्याला जुंपलेला, आणि सोमवारच्याची झापडं निघतात तेव्हा शनवारचा फिरत असतो. दोघांना एकदा बरोबर माळावर चरायला जायचंय. पालुपद असं आहे:

सोमवार तुझा, शनिवार माझा,
भेटायचं कधी रे राजा?

हे मुलं इतक्या मोठ्याने म्हणतात की शेजारच्या वहिनींनाही पाठ झालंय.

मग भेट कशी होते ते ऐक. आमच्या पंचांगातल्या तिशरी महिन्यात किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताचा, उपास येतो, आमच्या जुन्या माणसांच्या बोलीत दारफळणीचा सण. दारं लावून घेतात, दिवसभर कामधंदा नाही, अन्नपाणी नाही. एका वर्षी तो दिवस सोमवारी येतो. दोन्ही घाणे एकदम बंद! गावात तेल्यांच्या आळीत पहिल्यांदा घाण्याचा आवाज नाही, आणि माळावर दोन बैल शेजारी शेजारी चरताहेत. विनय, मला या एका चित्रासाठी तूच हवास. तुझ्या बैलांचे खांदे खरे असतात.

गोष्ट सांगून झाली की खेळ. किप्पूर खरंच सोमवारी येऊ शकतो का? आमच्या पंचांगाचा नियम असा की तो रविवारी, मंगळवारी आणि शुक्रवारी कधीच येत नाही. उरले चार वार, त्यात सोमवार आहे. थोरलीने घरातल्या जुन्या दिनदर्शिका काढून वार तपासले. गोष्टीतली गंमत पंचांगात सापडली म्हणून तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. माझं मुलांना सांगणं असतं की प्रत्येक गोष्ट तपासून बघा. त्यासाठी आम्ही एक खूण ठरवली आहे. परंपरेने चालत आलेली गोष्ट असेल तर पानाच्या कोपऱ्यात शंख, कुठे लिहून ठेवलेली असेल तर बोरू, आणि बाबांनी रचलेली असेल तर बैल. सात जोडपी शंखाची, पुण्याची हागादा बोरूची. धर्म शिकवताना ही तीन खाती वेगळी ठेवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलं मोठी झाल्यावर त्यांना कुणी म्हणू नये की तुम्हाला घरी काहीबाही सांगितलं.

दुसरी गोष्ट पहिलीतूनच निघते. आमचे पूर्वज जेरुसलेमवर राज्य करणाऱ्या अंतियोखस राजाच्या छळाच्या काळात निघाले असं परंपरा सांगते. जेरुसलेमचं मंदिर परत ताब्यात येऊन शुद्ध झालं ते त्यानंतर, इसवी सनापूर्वी 164 च्या सुमारास. हनुक्का त्या विजयाचा सण. त्यामुळे आमच्या जुन्या सणांत हनुक्का नव्हताच. तो पुष्कळ उशिरा, बाहेरच्या यहुद्यांशी गाठ पडल्यावर आमच्याकडे आला. आता विचार कर. पिढ्यान्‌पिढ्या तेल काढणारी माणसं, आणि तेलाचा सण त्यांना माहीतच नाही! माझ्या गोष्टीत एक म्हातारा तेली पहिल्यांदा ऐकतो की मंदिरात शिक्कामोर्तब असलेलं तेलाचं एकच भांडं सापडलं, एका दिवसापुरतं, आणि ते आठ दिवस जळलं. बाकीचे चमत्कार म्हणून ऐकतात. हा तेली आहे, एका वातीला रात्रभर किती तेल लागतं ते त्याला बोटांवर माहीत आहे. आठ दिवस म्हणजे काय ते त्या सगळ्यांत त्यालाच सगळ्यात जास्त कळतं. त्याचा चेहरा काढ. संवाद मी तिथे ठेवलेलाच नाही.

यासोबत मुलं शाडूच्या नऊ पणत्या करतात. आठ सणाच्या आणि एक शमाश, म्हणजे बाकीच्या पेटवणारी. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं आठपर्यंत, शिवाय रोजची शमाश. वाती किती वळायच्या हे गणित धाकट्याला घातलं होतं. तो बोटं मोजून, मग कागदावर, अखेर खरंच ढीग लावून चव्वेचाळीसवर पोहोचला. पणत्या उजवीकडून डावीकडे मांडायच्या, पण पेटवताना सगळ्यात नवी आधी. आणि या दिव्यांच्या उजेडात काही काम करायचं नाही, नुसतं बघायचं. दिव्यांसमोर बसून बघणं मुलांना जमतं, मोठ्यांचीच चुळबुळ होते.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, थोडक्यात सांगतो. दावीद राहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला, तो नेमका कोणत्या शतकात यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. हे लोक खरंच इस्रायली का हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे सगळ्या जातींची मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढीच निवडली. याचा आम्ही पुठ्ठ्याचा खेळ केलाय: पापलेट, बांगडा, रावस एका टोपलीत; कोळंबी, चिंबोरी, मुशी, तिसऱ्या दुसऱ्या टोपलीत. खेळानंतर मुलांना मासळीबाजारात नेलं आणि खवल्यांवरून उलटं बोट फिरवायला लावलं. मासे तुला मी काय सांगू, तू अलिबागचाच. फक्त खवले स्पष्ट दिसू देत.

एलियाहू हनाबी या आमच्या संदेष्ट्याच्या नावाने करतो ते मलिद्याचं ताट तू खाल्लं आहेस: पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, सुका मेवा आणि फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत असं आम्ही मानतो, तिथे आपण सायकलने गेलो होतो. त्या गोष्टीबरोबर ताटातल्या फळांचा खेळ आहे. झाडाच्या फळाला एक आशीर्वाद, जमिनीच्या फळाला दुसरा. खजूर झाडाचा, पण केळं जमिनीचं. का? केळीला घड एकदाच लागतो आणि मग ती कापतात, खोड वर्षानुवर्षं उभं राहत नाही. शहरातली मुलं अडतात. कोकणातल्या मुलाने हे क्षणात सांगितलं असतं, म्हणून तिथे वाडीचं चित्र हवं, केळीचा एक बुंधा कापलेला आणि शेजारी नवं पिल्लू वर आलेलं.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना म्हणायच्या किद्दुशच्या आशीर्वादासाठी मनुका भिजवून, उकळून, गाळून शरबत करायचं, ते मुलांकडेच सोपवलंय. त्याला एकच चित्र पुरे.

आता चित्रांबद्दल काही गोष्टी सांभाळायच्या. देवाचं चित्र नको, कुठल्याही रूपात नको. ढगातला हात किंवा दाढीवाला म्हाताराही नको. जिथे देव बोलतो तिथे कोरी जागा सोड. एलियाहू हनाबी चालेल, रथात बसलेली त्याची तसबीर आमच्या कितीतरी घरांत आहे. देवाचं नाव हिब्रूत कुठेही लिहू नकोस. नाव असलेला कागद आम्हाला टाकता येत नाही, तो जपून शेवटी जमिनीत पुरावा लागतो, आणि ही पानं तर मुलांच्या हातात फाटणार, चुरगळणार. माणसांचे कपडे त्या काळच्या कोकणातले असू देत. बायकांना नऊवारी, नाकात नथ. पुरुषांच्या डोक्यावर काहीतरी हवं, पागोटं किंवा टोपी. मेझुझा दाराच्या उजव्या चौकटीला, आत शिरताना उजवीकडे, वरच्या भागात आणि किंचित तिरका. हे चुकलं तर धाकटा लगेच पकडेल.

अलिबागच्या इस्रायल आळीत आता मोजकी घरं उरली आहेत. भारतभर मिळून आम्ही काही हजार. थोरलीच्या वर्गात ती एकटीच यहुदी आहे आणि तिला त्याचं अवघड वाटू नये, उलट सांगता यावं, हे मला हवंय. तिने बैलाची गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा सगळ्या मुलांनी पालुपद म्हटलं, असं तिच्या बाईंनी मला सांगितलं. दोन बैलांतला एक त्या मुलांचाही आहे ना.

कागद आडवा घे, उघडलेल्या दोन पानांत मिळून एक चित्र. रंग तुझे तू ठरव, पण बैलाची आणि तेल्याची चित्रं आधी कर, कारण हनुक्का डिसेंबरात आहे. मजकूर वेगळ्या वहीत उतरवून सोबत पाठवतोय. कुठे भाषा मुलांना जड वाटली तर तिथेच पेन्सिलने खूण कर. तुझ्या वर्गातल्या पोरांना वाचून दाखवलंस तर फारच बरं, ती कुठे कंटाळतात तेही मला कळव.

काकूंना आणि वहिनींना नमस्कार. थोरली म्हणते, सोमवारच्या बैलाच्या कपाळावर पांढरा ठिपका हवाच.

तुझा,
डॅनियल