वडोदऱ्याला येण्यापूर्वी

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावाने सलाम.

नगरचे घर बंद करून तुम्ही कायमचे आमच्याकडे येणार, त्याआधी एक गोष्ट कळवावी असे आम्हां दोघांना वाटले. या घरात नातवावर कोणीही हात उगारणार नाही, असे आम्ही ठरवले आहे. हा तुमच्यावरचा ठपका नव्हे. पण बाबा, तुम्ही बायबलातल्या नीतिसूत्रांचा तेरावा अध्याय उघडाल हे ठाऊक असल्यामुळे सविस्तर लिहिते.

छडी आवरणारा आपल्या मुलाचा द्वेष करतो, हे तिथले वचन मी नाकारत नाही. पण बायबलातल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात बंडखोर मुलाला दगडमार करण्याचीही आज्ञा आहे आणि ती आपल्यापैकी कोणी पाळत नाही, कारण जुना करार आपण येशूच्या प्रकाशात वाचतो, आणि त्याने तर बालकाला शिष्यांच्या मध्ये उभे करून कवेत घेतले. रोमी कायद्याने बापाला मुलांवर जवळजवळ अमर्याद अधिकार दिलेला असताना प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला पत्रात लिहितो की, बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, नाहीतर ती खिन्न होतील. केवढे धीट वाक्य आहे हे!

तुमच्या आवडत्या सुझॅना वेस्ली, म्हणजे मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या आई, यांनी 1732 च्या पत्रात वर्षाच्या बाळालाही छडीचे भय शिकवल्याचे लिहिले आहे, हे खरे. तरीही शिक्षेच्या भयाने मुले खोटे बोलू लागतात हे त्यांनीच हेरले आणि चूक कबूल करणाऱ्याला मार नाही, असा नियम केला. त्यांच्या मुलाच्या परंपरेतल्या अमेरिकेच्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने 2004 मध्ये, मुलांना मारल्याशिवाय शिस्त लावावी, असा ठरावच केला.

बाबा, नाताळच्या रात्रीच्या उपासनेहून परतताना तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात. येशूच्या दाखल्यातला, हरवलेले मेंढरू खांद्यावर घेणारा मेंढपाळ मला अजून तुमच्याच चेहऱ्याचा दिसतो. माझी श्रद्धा त्या खांद्यावर वाढली. नातवालाही तेच हवे आहे.

तुमच्यासाठी तळमजल्यावरची खोली केली आहे, न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवले आहेत आणि ज्वारीचे पीठ इथे मिळते, तेव्हा आई, पिठाचे ओझे आणू नकोस. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, बाबांची साखर निघण्यापूर्वी तपासून घे. नातू हट्टाला पेटला तर आम्हाला हाक मारा आणि तो शांत झाल्यावर काय चुकले ते त्याच्याच तोंडून ऐका. संध्याकाळची प्रार्थना मात्र बाबाच चालवतील. दाराआडची वेताची छडी सामानात बांधू नका.

तुमची लेक