सूचना : हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटयुक्त आयनिक द्रव हाताळण्याबाबत

प्रयोगशाळेच्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, १-ब्युटाइल-३-मेथिलइमिडाझोलियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट या आयनिक द्रवाची (म्हणजे साधारण तापमानालाही द्रवरूप असणाऱ्या क्षाराची) वाफ जवळजवळ होत नाही, एवढ्यावरून तो निरुपद्रवी समजू नये. ‘हरित द्रावक’ (पर्यावरणाला कमी घातक द्रावक) ही त्याची ख्याती मुख्यतः त्याच एका गुणावर उभी आहे. पाण्याच्या संपर्कात, विशेषतः तापवल्यास किंवा आम्ल असल्यास, त्याचे विघटन होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते; ते काच खाते, आणि त्वचेत खोलवर शिरूनही वेदना कधीकधी काही तासांनंतरच जाणवते. म्हणून ओलसर किंवा तापवायचा नमुना फ्यूम हूडमध्ये (घातक वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), योग्य प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे व गॉगल घालूनच हाताळावा. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या आम्लाच्या इजेवरील प्रथमोपचाराचे मलम) हाताशी नसेल, तर काम सुरूच करू नये. अंगावर उडाल्यास त्वरित पाण्याने धुवावे, जेल लावावे आणि दुखत नसले तरी डॉक्टरांकडे जावे. उरलेला द्रव बेसिनमध्ये ओतू नये.