विनोदी व्हिडिओंची स्पॅनिश

संपादक महोदय,

मिनिटभराच्या विनोदी व्हिडिओंमधून बोलचालीची स्पॅनिश शिकता येते, यात शंका नाही. मात्र अंगठ्याने एकामागून एक व्हिडिओ सरकवत राहिले, तर भाषा कानावरून जाते, जिभेवर बसत नाही. स्पॅनिशच्या शिक्षकांच्या नजरेतून थोडे लिहितो.

‘दहा उपयुक्त शब्द’ छापाचे व्हिडिओ खुशाल वगळावेत. दोन माणसांची खटकेबाज बोलाचाली असलेला, ३० ते ६० सेकंदांचा प्रसंग निवडावा. ‘आ बेर’ (बघू या), ‘ओ सेआ’ (म्हणजे), ‘नो पासा नादा’ (काही हरकत नाही) असे बोलण्याला वंगण घालणारे तुकडे तिथेच भेटतात.

पहिल्यांदा सबटायटल्स बंद ठेवून दोनदा पाहावा आणि हशा नेमका कशावर आला, एवढेच हेरावे. मग स्पॅनिश सबटायटल्स लावावीत. इंग्रजी अजिबात नकोत, डोळे भाषांतर वाचायला लागले की कान सुट्टीवर जातात. वेग ०.७५ ठेवावा, ०.५ वर शब्द इतके ताणले जातात की बोलण्याची लयच हरवते. त्यानंतर तीनच वाक्ये निवडून पात्राच्या पाठोपाठ म्हणावीत, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून पाहावा. शेवटी त्याच वाक्यांतला कर्ता आणि काळ बदलून बोलावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पाठ वाक्यापलीकडे गाडी सरकत नाही. एका व्हिडिओला २० मिनिटे सहज लागतात, लागू द्यावीत.

आपोआप उमटणाऱ्या सबटायटल्सवर डोळे झाकून विसंबू नये. ‘पारा आया’ (तिकडे) हे घाईत ‘पाया’ होते. कॅरिबियन बेटांवर ‘मास ओ मेनोस’ (साधारण, कमी-जास्त) हे ‘माह ओ मेनोह’ असे ऐकू येते. अशा ठिकाणी यंत्र हमखास अडखळते. म्हणून सुरुवातीचे काही महिने मेक्सिको किंवा स्पेन असा एकच देश धरावा. ब्वेनोस आयरेसमध्ये ‘यो’चा (मी) ‘शो’ होतो आणि ‘तू’च्या जागी ‘बोस’ येते. सगळे एकदम ऐकले तर नवशिक्याचा गोंधळ ठरलेला. स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी सर्रास वापरले जाणारे ‘कोखेर’ हे क्रियापद मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील ठरते, हेही ध्यानात असावे.

सर्वांत मोठा धोका ‘परदेशी माणूस स्पॅनिश बोलतो’ या लोकप्रिय प्रकारात आहे. तिथे चूक हाच विनोद असतो. पात्र उकाड्याने हैराण होऊन ‘एस्तोय कालिएन्ते’ म्हणते, समोरचा डोळे विस्फारतो आणि व्हिडिओ संपतो. त्या वाक्याने कामोत्तेजना सूचित होते आणि उकडत असेल तर ‘तेंगो कालोर’ म्हणायचे, हे कोणी सांगतच नाही. वाक्य तेवढे लक्षात राहते! अशा व्हिडिओतले वाक्य वहीत उतरवण्याआधी योग्य रूप शोधून शेजारी लिहावे.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून येतात. इंग्रजी वळणाने त्यांचे ट-ड करू नयेत. कष्ट ‘र’वर घ्यावे लागतात. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, आणि दुसऱ्यात जीभ खरोखर थरथरली पाहिजे.

या प्रसंगांतली पात्रे बहुधा मित्र, भावंडे किंवा नवरा-बायको असल्याने एकमेकांना ‘तू’ म्हणतात. नोकरीची मुलाखत, सरकारी कचेरी, अनोळखी वयस्कर माणूस यांच्यासमोर बहुतेक ठिकाणी ‘उस्तेद’ (आदरार्थी ‘आपण’) लागते आणि क्रियापदही बदलते. ‘तू कोमो एस्तास?’ (तू कसा आहेस?) नव्हे, ‘कोमो एस्ता उस्तेद?’ तेवढ्यापुरत्या मुलाखती आणि बातम्यांचे व्हिडिओ वेगळे ऐकावेत.

– स्पॅनिशचा एक शिक्षक