माशांचं क्वारंटाईन केंद्र हवंच, पण उजनीच्या काठावर नको

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

बाहेरून येणारं मत्स्यबीज तळ्यात सोडायच्या आधी काही दिवस वेगळं ठेवून तपासायला आपल्या जिल्ह्यात एक क्वारंटाईन केंद्र पाहिजे, असं आम्ही शेततळ्यात मासे करणारे लोक नेहमी बोलतो. आणि विषय निघाला की कोणीतरी लगेच म्हणतंच, उजनी धरणाच्या काठावर करा, पाणी पण आहे, मच्छीमार पण तिथंच. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी मी एका व्यापाऱ्याकडून रोहू कटल्याची 3000 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणून तळ्यात सोडली, दिसायला एकदम चांगली होती. डिसेंबरात थंडी वाढली तसे अंगावर लाल जखमा पडलेले मासे वर तरंगायला लागले आणि पंधरा दिवसांत निम्म्याच्या वर गेले. घाबरून मी तळं रिकामं केलं आणि सगळं पाणी ओढ्याला सोडलं. ओढा जातो सीनेला, सीना भीमेला. ते पाणी खाली कुणाकुणाच्या तळ्यात गेलं असेल हा विचार आला की आजही झोप लागत नाही.

आता क्वारंटाईन केंद्र म्हणजे काय, तर असे आजारी असू शकणारे मासे एकाच जागी आणि वर्षभर. चेन्नईजवळ नीलांकरईला असं केंद्र आहे, 2009 पासून परदेशातून येणारी व्हनामी कोळंबीची नर-मादी आधी तिथं ठेवतात, तपासणीत पास झाली तरच हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करतात तिथं, जातात. ते चांगलंच काम आहे. पण टाकीतून बाहेर पडणारं पाणी हा या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग. ते आधी गाळायला लागतं, कारण पाण्यात विष्ठा आणि उरलेलं खाद्य असलं की क्लोरीन त्यातच संपतं आणि जंतू जिवंत राहतात. क्लोरीन मारून ठराविक वेळ ते साठवायचं, मग सोडियम थायोसल्फेट टाकून उरलेला क्लोरीन काढायचा, नाहीतर ओढ्यातले चांगले मासे त्यानंच मरतात. एवढं करून मीठ राहतंच. कोळंबी किंवा समुद्रातले शोभेचे मासे ठेवायचे म्हटलं तर खारं पाणी लागणार आणि क्लोरीननं मीठ जात नाही, इकडं उसाला पाणी पाजून पाजून आधीच जमिनी क्षारपड झाल्यात, त्यात हे नको. मेलेले मासे पुरायचे म्हटलं तर शेजारच्या विहिरीचं काय हे पण आधी बघायला पाहिजे.

आणि हे सगळं उजनीवर? सोलापूर शहर ते पाणी पितं, खाली पंढरपूरला त्याच पाण्यात वारकरी स्नान करतात. धरणात चिलापी म्हणजे टिलापिया मासा भरपूर आहे, शेकडो घरं तिच्यावर चालतात, आणि चिलापीला लागणारा टिलापिया लेक व्हायरस 2018 मध्ये भारतात सापडलेला आहे, त्याच्यावर औषध नाही. उघड्या टाकीतून पाणकावळा किंवा बगळा मासा उचलून थेट धरणात नेऊन टाकू शकतो, त्याला कुठलं कुंपण आडवं येणार? म्हणजे छत आणि जाळी पाहिजेच. लाईट गेली तर पंप चालायला दुसरी सोय पण पाहिजे, आपल्याकडं लाईट कशी असते ते मी वेगळं सांगायला नको.

असे प्रकल्प करायच्या आधी पर्यावरणाचा अभ्यास करताना बऱ्याचदा पावसाळा सोडून एकाच सिझनची आकडेवारी घेतात, त्यावर माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी मायनस 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे वापरायचा साठा संपून तळातला मृत साठा पण उपसला जात होता, तेव्हा सोडलेली घाण पातळ व्हायला पाणी कुठं होतं? आणि ऑक्टोबर 2020 ला भीमेला पूर आला तेव्हा काठावरच्या टाक्या तरल्या असत्या का? मे महिना आणि भर पावसाळा, दोन्ही वेळचं पाणी तपासल्याशिवाय जागा ठरवू नका.

जागा नदी, ओढ्यापासून लांब, उंचावर बघा, वापरलेलं पाणी शुद्ध करून आतल्या आतच फिरवा, बाहेर सोडूच नका. माळरान म्हणजे रिकामी जमीन असं पण कोणी धरू नये, नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे, काळवीट आणि लांडगे अशाच माळावर जगतात.

मोठ्या प्रकल्पांना केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरण परवानगीच्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घेतात, 30 दिवस आधी नोटीस देतात. या केंद्राला ती कायद्यानं लागू असो नसो, घ्या. पर्यावरण अभ्यासाच्या अहवालाचा सारांश मराठीत काढून ग्रामपंचायतीत लावा, आणि सुनावणी सोलापुरात ऑफिसमध्ये नको, मच्छीमारांच्या गावात घ्या, तेही सकाळी जाळी काढून ते घरी आल्यावर.

आपला,
एक मत्स्यशेतकरी, मोहोळ तालुका, जि. सोलापूर