वहीतली ती ओळ वाचल्याबद्दल

दादा,

वयानं तुम्ही माझ्या पुतण्याएवढे, तरी दादाच म्हणते. तुम्ही येऊन गेलात त्याला नऊ दिवस झाले. फोनवर आभार मानायला गेले तर "त्यात काय एवढं, ताई" म्हणून तुम्ही पावसाचा विषय काढलात. म्हणून हे लिहिते, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहिते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या कॉलेजच्या लॅबला 40 नवीन कॉम्प्युटर आले. माझ्या टेबलावरचा एक मी विंडोज, टॅली, मराठी टायपिंग सगळं घालून तयार केला आणि त्याची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, सर्व्हरवर घेतली. ती नेटवर्कवरून बाकीच्यांवर उतरवायची होती. जुन्या लॅबमध्ये हे काम मी फॉग नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर कितीतरी वेळा केलंय. पेनड्राइव्ह घेऊन एकेका कॉम्प्युटरपुढे बसलं तर आठवडा जातो. असं केलं तर दुपार पुरते. यंदा मात्र कॉम्प्युटर नेटवर्कवरून सुरूच होईनात. थोडा वेळ थांबायचे आणि पडद्यावर पीएक्सई-ई16 ही चूक, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता द्यायला कुणी पुढे आलं नाही. 40 पैकी 38 कॉम्प्युटरचं हेच.

सुट्टीत ज्यांनी नवा स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या नेटवर्कच्या तारा जिथं जोडतात तो डबा, बसवला, ते दोनदा आले. विंडोजमध्ये इंटरनेट चालतंय ना, मग नेटवर्कमध्ये दोष नाही, हे त्यांचं पहिल्या दिवशीचं उत्तर आणि दुसऱ्या दिवशीचंही तेच. मग म्हणाले, फुकटच्या सॉफ्टवेअरचं असंच असतं, नवा सर्व्हर घ्या. मी वही दाखवायला गेले तर प्राचार्यांसमोर हसून म्हणाले, "मॅडम, डायरी लिहून कॉम्प्युटर चालत नसतात." ते वाक्य मला फार लागलं. बावीस वर्षं मी लॅब सांभाळते. कुठला कॉम्प्युटर कधी बिघडला, कशानं सुरू झाला, सगळं त्या वह्यांत आहे. त्या दिवसानंतर वही मी टेबलाच्या खणात उलटी ठेवायला लागले.

तुम्ही आलात तो दिवस आठवतो ना? पाऊस थांबायचं नाव नव्हतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे चाललं होतं आणि स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. तुम्हाला नदीपलीकडं परत जायचं होतं. दुसरा कुणी असता तर "पाणी उतरलं की बघू" म्हणाला असता, आणि मी त्याला दोष दिला नसता.

तुम्ही भिजत आलात, बॅग खाली ठेवलीत आणि लॅपटॉप न उघडता म्हणालात, "ताई, तुम्ही काय काय बघितलंत ते आधी सांगा." मी बोलता बोलता वही काढली आणि परत आत सारायला लागले. तुम्ही हात पुढे केलात. मग हात ओला आहे हे तुमच्या लक्षात आलं. खिशातला रुमालही भिजलेला. तुम्ही मावशींकडून फडकं मागून घेतलंत, दोन्ही हात कोरडे केलेत, बोटांच्या मधलं पाणीसुद्धा टिपलंत आणि मगच वही घेतलीत.

दादा, तुम्हाला हे आठवतही नसेल. मला मात्र बाकी सगळ्यापेक्षा तेच आठवतं.

अकरा पानं तुम्ही उभ्यानं वाचलीत. एका ओळीवर बोट ठेवून थांबलात: "फक्त माझ्या टेबलावरचा आणि शेजारचा सुरू होतो. दोन्ही प्रिंटरच्या छोट्या स्विचवर आहेत." हीच ओळ मी त्या लोकांना दाखवणार होते. तुम्ही मान वर करून म्हणालात, "सापडलं की हो तुम्हाला."

पुढचं तुम्ही मला समजावलंत तसंच लिहिते, कारण इतक्या सोप्या शब्दांत ते मला कुणी सांगितलं नव्हतं. नवा स्विच सावध असतो. तार जोडली गेली किंवा तिच्यावरचा कॉम्प्युटर नव्यानं सुरू झाला की ती फिरून परत आपल्याकडेच तर येत नाही ना, हे तो आधी तपासतो. याला स्पॅनिंग ट्री म्हणतात. 15 सेकंद ऐकतो, 15 सेकंद शिकतो, आणि त्या 30 सेकंदांत दार बंद. कॉम्प्युटर मात्र सुरू होताच पत्ता मागतो, हाका मारून दमतो आणि नाद सोडतो. विंडोज सुरू होईपर्यंत दार उघडलेलं असतं, म्हणून इंटरनेट ठणठणीत. मधे छोटा साधा स्विच असला तर मोठ्या स्विचकडची तार कधी तुटतच नाही, दार आधीपासून उघडं. तुम्ही स्विचवरच्या कॉम्प्युटरच्या तेवढ्या पोर्टांना, म्हणजे तार खोचायच्या खाचांना, थांबू नका असं सांगितलंत आणि ती तपासणी पूर्ण बंद करायची नाही, नाहीतर एखाद्या पोरानं तारेची दोन्ही टोकं स्विचमध्येच खोचली की अख्खं कॉलेज बसेल, हेही बजावलंत.

38 पडदे एकदम सुरू झाले. पण इमेज मुंगीच्या पावलानं उतरत होती, तासाच्या वर वेळ दाखवत होती. पाच वाजून गेले होते, तरी तुम्ही घड्याळ बघितलं नाही. सगळ्यांना एकदम पाठवताना दिंडीसारखं होतं म्हणालात, सगळ्यांत दमलेल्याच्या चालीनं सगळे. तिसऱ्या रांगेतल्या एका केबलच्या आठ तारांपैकी एक तुटली होती, त्यामुळे तो कॉम्प्युटर गिगाबिटऐवजी 100 मेगाबिटवर, म्हणजे दहापट कमी वेगावर, आला होता. नवा प्लग दाबलात आणि अर्ध्या तासाच्या आत सगळं उतरलं.

तेवढ्यात प्राचार्य आले. "काय होतं शेवटी?" तुम्हाला चार मोठे शब्द टाकून सगळं श्रेय घेता आलं असतं. तुम्ही म्हणालात, "सर, ताईंनी महिन्यापूर्वीच लिहून ठेवलंय. मी फक्त वाचलं." सर काही बोलले नाहीत, पण त्यांनी वही मागून घेतली.

माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते. ते सांगायचे, चांगला मिस्त्री पाना उचलायच्या आधी मशिनला कान लावतो, आणि त्याहून चांगला असेल तो मशिन चालवणाऱ्या पोराला विचारतो, रे, आवाज कधीपासून येतोय? अशी माणसं आपल्या कोल्हापुरात अजून आहेत. 2019 च्या महापुरात ओळखदेख नसलेल्यांनी घराघरांत जेवण पोचवलं, ते आपण बघितलंय. पण पूर नसताना, साध्या मंगळवारी, लॅबमधल्या एका बाईचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणं हेही मला त्याच मोलाचं वाटतं. ज्यांना मोठं बिल लावून ते जमलं नाही, त्यांनी हे जरूर वाचावं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतलात, तेवढंच समाधान. तुमचं क्रिम्पिंग टूल, ते केबलला प्लग दाबायचं, इथंच राहिलंय. फडक्यात गुंडाळून वहीशेजारी ठेवलंय. परवा चौथ्या रांगेतली एक केबल ढिली निघाली. तुम्ही दाखवलेला रंगांचा क्रम वहीत होता, तो बघून प्लग मी स्वतः दाबला. पहिला वाया गेला, दुसरा बसला. कॉम्प्युटर गिगाबिटवर आला.

पाणी उतरलं की टूल न्यायला या.

तुमची,
लॅबवाल्या ताई