गोळी बदलायची तर दिवस राहण्याआधी

संपादक महोदय,

‘फिट्सच्या गोळ्यांनी बाळात व्यंग येतं’ एवढं अर्धवट कानावर पडतं आणि पाळी चुकताच गोळ्या परस्पर बंद होतात. हा प्रकार घातक आहे. औषध एकदम तोडलं की मोठ्या फिट्स येतात. आई पडते, तिचा श्वास अडखळला की बाळाचाही प्राणवायू कमी होतो आणि क्वचित आई दगावते. शिवाय मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, त्यामुळे नळीत दोष राहायचा तर तोवर राहून गेलेला असतो. म्हणजे गोळीचा फेरविचार आधीच व्हायला हवा.

सगळ्या गोळ्या एका माळेत ओवू नयेत. कोणतंही औषध न घेणाऱ्या आईच्या बाळातही जन्मजात व्यंगाचं प्रमाण 2 ते 3 टक्के असतंच. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम यांच्याबाबत ते जवळपास तेवढंच राहतं. व्हॅल्प्रोएटने मात्र ते 10 टक्क्यांच्या घरात जातं: मणक्यातली फट, हृदयदोष, दुभंगलेली टाळू. त्याहून वाईट म्हणजे आई गरोदरपणी व्हॅल्प्रोएट घेत असलेल्या 30 ते 40 टक्के मुलांना पुढे बोलणं, शिकणं, वागणं यांत अडचणी येतात आणि त्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. डोस कमी तसा धोका कमी, पण निर्धोक असा डोस नाही. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून घ्यावंच (अशा स्त्रियांना बहुधा रोज 5 मिलिग्रॅम देतात). त्याने व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जाईल, या भरवशावर मात्र राहू नये.

लॅमोट्रिजिनची गोम वेगळी. गरोदरपणात शरीर ते झपाट्याने बाहेर टाकतं, रक्तातली पातळी घसरते आणि डोस वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत तो पुन्हा उतरवायचा असतो. तेच राहून गेलं की एकाचे दोन दिसतात, चक्कर येते, तोल जातो, तेही हातात तान्हं बाळ असताना.

प्रसूतीआधी बालरोगतज्ज्ञांना गोळ्यांची नावं आणि डोस लिहून द्यावेत. आई फेनोबार्बिटोन किंवा क्लोबाझाम घेत असेल तर बाळ सुस्त, अंगाने सैल असू शकतं, दूध ओढत नाही. काही बाळं पुढच्या काही दिवसांत थरथरतात, किरकिरतात. व्हॅल्प्रोएट असेल तर बाळाची रक्तातली साखर तपासावी. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन यांनी रक्त गोठायला लागणारं ‘के’ जीवनसत्त्व बाळात कमी पडू शकतं, म्हणून जन्मताच मांडीत दिलं जाणारं 1 मिलिग्रॅमचं इंजेक्शन चुकवू नये.

अंगावर पाजणं बहुतेक गोळ्यांवर चालतं. फक्त फेनोबार्बिटोनसारखी गुंगीची गोळी असेल तर बाळ प्यायला उठतं का आणि वजन वाढतं का, यावर लक्ष हवं. जागरणाने फिट येते, म्हणून रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर घरातल्या दुसऱ्या कुणी सांभाळावं. बाळाचे कपडे जमिनीवर बसूनच बदलावेत आणि आंघोळ आईने एकटीने घालू नये.

– एक मेंदूविकारतज्ज्ञ व एक नवजात शिशुतज्ज्ञ