मागचे सस्पेन्शन: आधी शॉकअप, स्प्रिंग नंतर

महोदय,

हॅचबॅकचे इंजिन रीमॅप करून (संगणकीय सेटिंग बदलून ताकद वाढवून) घेतले की पुढची पायरी म्हणून गाडी मागून ‘लो’ करायची, म्हणजे खाली बसवायची, हे मराठवाड्यातल्या शहरांत आता सर्रास दिसते. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणून स्प्रिंगचा एखादा वेढा ग्राइंडरने कापला जातो. हे थांबले पाहिजे.

आपल्याकडचे कितीतरी रस्ते काळ्या मातीवर आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे वरून गुळगुळीत दिसणारे डांबरही लाटेसारखे खालीवर झालेले असते. ताशी ८० किलोमीटरने अशा लाटेवरून गेले की गाडीचे मागचे टोक उचलते, बसते, पुन्हा उचलते. हा हेलकावा मोडणे स्प्रिंगचे काम नाही, शॉकअपचे (शॉक ॲब्सॉर्बरचे) आहे. विशेषतः शॉकअपचा दांडा नळीतून बाहेर येताना शॉकअप जो विरोध करतो, त्याचे. म्हणून पहिला खर्च शॉकअपच्या चांगल्या जोडीवर करावा, आणि बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. सततच्या खडबडीत रस्त्यावर साध्या ट्विन-ट्यूब (दुहेरी नळीच्या) शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि हेलकावा रोखण्याची त्याची ताकद कमी होते. मोनोट्यूबमध्ये (एकाच नळीच्या शॉकअपमध्ये) गॅस आणि तेल वेगळे राहते, उष्णताही लवकर बाहेर पडते. मात्र त्याच्या नळीला दगडाचा पोचा बसला तर पिस्टन अडकतो. कच्च्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

शॉकअपसोबत बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबले की आदळ झेलणारा रबरी ठोकळा) आणि मागच्या ॲक्सलचे रबर बुश (जोडातले रबरी अस्तर) तपासावेत. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळणे ही नेहमीची चूक. मग गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. चाके जमिनीवर, गाडीचे वजन चाकांवर, आणि मगच टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा पाना).

स्प्रिंगचा विचार यानंतर. पाच कार्यरत वेढ्यांतला एक कापला तर ती २५ टक्के कडक होते, पण शॉकअप जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा राहतो. म्हणून गाडी उड्या मारते. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. मोठ्या गतिरोधकावरून चाक लटकले की आखूड स्प्रिंग सैल पडून जागेवरून सरकू शकते. वेढ्यांमध्ये रबरी बफर कोंबणे हाही उपाय नव्हे. अडकलेले वेढे काम करत नाहीत आणि उरलेल्यांवर ताण येतो. कडकपणा हवाच असेल तर त्या गाडीसाठी बनवलेली स्प्रिंग घ्यावी. तारेची जाडी ११ वरून १२ मिलिमीटर झाली, बाकी सारे तेच राहिले, तरी कडकपणा सुमारे ४० टक्के वाढतो. ‘थोडीशी जाड’ हे शब्द इथे फसवे आहेत.

गाडी ३० मिलिमीटर खाली आणली म्हणजे खड्ड्यासाठीची तेवढी हालचाल गेली. वळणावर बंप स्टॉपला टेकली की मागचे चाक अचानक पकड सोडते. काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला भारानुसार ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह जोडलेला असतो. गाडी खाली बसली की त्याला वाटते माल भरला आहे. तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो आणि चाके लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबून घसरतात. फक्त मागची बाजू खाली गेली तर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या असतात, याची जाणीव असावी.

मागे जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे झुकणे कमी करणारा दांडा) बसवला की पुढच्या चाकांवर चालणारी गाडी कोरड्या वळणात चपळ होते. पण ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेला काळा चिखल आणि वर पहिला पाऊस, अशा वेळी हाच बार मागची बाजू फिरवतो. रोजच्या गाडीला तो नकोच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

गॅरेजवाल्यांना एक विनंती: काम सुरू करण्यापूर्वी टायरमध्ये योग्य हवा भरून, सपाट जागेवर, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे चारही बाजूंचे माप बिलावर लिहा, आणि काम झाल्यावर पुन्हा लिहा. दोन्ही मागच्या चाकांच्या मापात फरक दिसला तर गाडी ग्राहकाच्या ताब्यात देऊ नका.

— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर